पहिल्या स्वागतिकेचा झगा

तो झगा अंगावर चढवला की आधी मानेत कळ यायची, मग खांद्यांत, आणि दुपार व्हायच्या आत कुठेच काही जाणवायचं नाही, कारण तोवर सगळंच बधिर झालेलं असायचं. लोक माझ्यासोबत फोटो काढून घ्यायचे. जपानमध्ये, जर्मनीत कुणाकुणाच्या घरी कुठल्यातरी अल्बममध्ये मी अजून हसत उभी असेन, आणि खाली त्यांनी लिहिलं असेल की ही तिथली बाई. तिथली कसली, मी साताऱ्याची.

नोकरी स्वागतिकेची होती. एका शहराच्या प्रसिद्धीचं कंत्राट आमच्या कंपनीकडे होतं. शहराचं नाव घेत नाही, घेतलं तर कुणीतरी रागवायचं आणि माझ्यात आता भांडायचा दम नाही. दुबई मरीनात एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर कंपनीचं दालन होतं. परदेशातून येणारे ट्रॅव्हल एजंट, फ्लॅट घेऊ बघणारे, कधी नुसतेच थंड हवेसाठी आत शिरलेले लोक तिथे यायचे. मध्यभागी काचेखाली शहराचा छोटा नमुना, त्यात न बांधलेल्या इमारतीही दिवे लावून उभ्या. आम्ही दारात उभं राहायचं, 'अहलन व सहलन' म्हणायचं, चोचीच्या सुरईतून काहवा, म्हणजे तिथली वेलदोड्याची कॉफी, ओतायचा, खजुराचं ताट पुढे करायचं. पाहुण्यानं कप हलवून परत दिला की पुरे, नाहीतर ओतत राहायचं. सोपं काम होतं. बी.कॉम. होऊन हे करतेस का, असं आई फोनवर विचारायची, तेव्हा मी म्हणायचे, बी.कॉम. होऊन तिकडे काय करत होते?

आम्ही सहाजणी होतो. फिलिपाइन्सच्या, मोरोक्कोची एक, युक्रेनची एक उंच, आणि मी. अरब शहराची ओळख करून द्यायला अरब बाई हवीच असं तिथे कुणालाच वाटत नसे. आम्हाला रोजचे साधे शिवलेले गणवेश होते. तो झगा तेव्हा काचेच्या कपाटात असायचा.

झगा म्हणजे काय, तर गडद हिरव्या रेशमाचा, पायघोळ, लांब बाह्यांचा, आणि छातीपासून कमरेपर्यंत, बाह्यांना, घेराला नुसते मणी. पांढरी पोत, लाल-निळे काचमणी, काचेच्या बारीक सोनेरी नळ्या, आणि मधूनमधून खरे मोती असं सगळे म्हणायचे, मला ते काही खरे वाटले नाहीत. शहरानं फार वर्षांपूर्वी परदेशातल्या प्रदर्शनात पहिल्यांदा आपला स्टॉल मांडला, तेव्हा त्या स्टॉलवर जी बाई उभी राहिली तिच्यासाठी तो शिवलेला. पारंपरिक म्हणायचे, पण तिथल्या म्हाताऱ्या बायका घालतात ते झगे ढगळ असतात, आणि हा कमरेत घट्ट होता. कुणीतरी विमानातल्या हवाई सुंदरी बघून बेतला असणार. कपाटावर पाटी होती: शहराच्या पहिल्या स्वागतिकेचा पोशाख. कापड आणि मणी, भारत. बाईचं नाव नव्हतं. मी मोरोक्कोवालीला म्हणायचे, कापड आमचं, मणी आमचे, आता आतली बाई तेवढी कुठली ते कळायचं राहिलंय.

मग २००८ चा शेवट आला. मंदी म्हणजे काय हे मला पेपरातून कळलं नाही, लेकीच्या शाळेतून कळलं. रोज घरी येऊन ती सांगायची, आज अमकी गेली, आज तमका गेला, 'आई, माय क्लास इज बिकमिंग स्मॉल.' आम्ही राहायचो त्या रोल्ला भागातल्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या दाराला सोफा विकणे आहे, पाळणा विकणे आहे असे कागद चिकटायला लागले. नवरा एका कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅनिंग इंजिनिअर होता. त्याच्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं आणि कंपनीनं त्याला काढलं नाही, बिनपगारी लांब सुट्टीवर बसवलं. म्हणजे व्हिसा आहे, काम नाही, पगार नाही. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा, ओळखीच्या ऑफिसांत जाऊन बसायचा, आणि दुपारी येऊन भेंडी चिरायला घ्यायचा. भेंडी फार बारीक चिरायचा. मला ते बघवायचं नाही.

आमच्या दालनातही तेच झालं. पाहुणे आटले. एका सोमवारी मॅनेजर बाईंनी आम्हा सहाजणींना बोलावलं. त्या बैरूतच्या, पन्नाशीच्या, उंच टाचा आणि सिगारेटचा वास, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी त्यांना शिव्या घालायचं. त्या म्हणाल्या, शहराच्या कमिटीनं पैसे कापलेत, आता एकच स्वागतिका ठेवायची, आणि गणवेशवाली नाही, तो जुना झगा घालणारी. तेवढंच काहीतरी दाखवायला उरलंय. झग्याला कात्री लावायची नाही, शिवण उसवायची नाही, एक टाकाही हलवायचा नाही, तो शहराचा वारसा आहे. ज्या मुलीला आहे तसा बसेल ती राहील.

काय लाजिरवाणी सकाळ होती ती. एकेकजण पडद्यामागे जायची आणि मॅडम पाठीच्या हुकांशी झटायच्या. युक्रेनवालीचे खांदेच आत गेले नाहीत. फिलिपाइन्सच्या एकीला आखूड झाला, एकीला छातीत आवळला, तिसरीला कमरेत. मोरोक्कोवाली बिचारी श्वास रोखून उभी राहिली, पण तिला बाह्या आखूड झाल्या. शेवटी मी. मी पाच फुटांच्या आतली, घरी सगळे मला जन्मभर टिल्ली म्हणत आले. झगा माझ्या अंगावर असा बसला की जणू माझ्याच मापाचा. सगळे हुक लागले. मॅडम 'खलास', म्हणजे ठरलं, म्हणाल्या आणि पाचजणींनी माझ्याकडे बघितलं. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली, त्या क्षणी फक्त आनंद झाला.

त्यानंतर पाळी चुकली.

लेकीनंतर एकदा राहिलं होतं आणि दुसऱ्याच महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून आम्ही आशा सोडली होती, म्हणजे तोंडानं तरी सोडली होती. आणि आता, घरात पगार एकच, तोही त्या झग्यावर टांगलेला, तेव्हा हे. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, ''काय करायचं?'' मी म्हणाले, ''काय करायचं म्हणजे? होऊ द्यायचं.'' एवढंच आमचं बोलणं झालं. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्याला काम मिळेपर्यंत माझी नोकरी टिकावी आणि पोटातलं टिकावं. एक टिकवायला दुसरं सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्या समोरच्या दारात चिपळूणकडच्या एक काकू राहायच्या. नात्याच्या नव्हेत, पण माझ्या आईचं आणि त्यांचं फोनवर माझ्यापेक्षा जास्त जमायचं. त्यांना मी सांगितलं नाहीच, त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं. म्हणाल्या, ''बाय, आता तोंडातून अक्षर काढू नको. चोरओटी होईपर्यंत कुणाला कळता कामा नये. ऑफिसात तर अजिबात नाही. मागच्या वेळी सगळ्यांना सांगत सुटलीस.'' तिसरा महिना पुरा झाला की गुपचूप ओटी भरायची, तिलाच चोरओटी म्हणतात, आणि तोवर गुपित ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. मी शिकलेली बाई. मला ठाऊक होतं की मागचं काही सांगितल्यामुळे गेलं नव्हतं. तरी मी मूग गिळून बसले. एकदा गमावलं की माणूस कशालाही घाबरतो.

पण पोट काही रीत बघून वाढत नाही. एक बाळंतपण झालेलं असलं की ते लवकर दिसतं म्हणतात ते खरं आहे. कमरेचा हुक लागेना. मॅडम मागून ओढायच्या आणि मी पुढून श्वास आत घ्यायचे. एका सकाळी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ''हबीबती, तू जाड होतेयस.''

मी म्हणाले, ''हो मॅडम. भात.''

झालं. तिथून पुढे माझ्या डब्यावर पहारा बसला. मॅडम स्वतः माझ्यासाठी काकडी आणि गाजराचे तुकडे आणायच्या, समोर बसवून खायला लावायच्या, आणि त्यांच्या तरुणपणी त्या कशा फक्त लिंबूपाण्यावर राहायच्या ते सांगायच्या. घरी आले की काकू दारातच डिंकाचा लाडू घेऊन उभ्या. एक नको म्हणायची, एक खा म्हणायची, आणि मधे मी, सकाळी उलट्या काढून दिवसभर हसणारी. माझ्या नाकी नऊ आले होते. दालनात बसायला परवानगी नव्हती, कारण बसलं की मणी घासून तुटतात. आठ-आठ तास उभं राहायचं. काहव्यातल्या वेलदोड्याचा वास आला की पोटात ढवळायचं आणि मी तो वास घेऊन 'अहलन व सहलन' म्हणायचे.

संध्याकाळी घरी कपडे बदलताना माझ्या कमरेवर, पोटावर मण्यांचे वळ उमटलेले असायचे. अस्तर जुनं, झिजलेलं, त्यातून प्रत्येक मणी कातडीत रुतायचा. लेक बोट ठेवून बघायची. ''आई, यू हॅव डॉट्स. डझ इट हर्ट?'' मी म्हणायचे, नाही गं. ''देन व्हाय आर यू क्राइंग?'' नवरा खोबरेल तेल कोमट करून आणायचा आणि चोळून द्यायचा. एकदा तो म्हणाला, ''सोड ती नोकरी.'' मी इतकी चिडले की त्याला चार गोष्टी सुनावल्या. सोडून काय तुझ्या भावाच्या घरी जाऊन राहायचं, असंही म्हणाले. तो उठून गॅलरीत गेला. हे बोलायला नको होतं, पण दमलेला माणूस घरच्यांवरच ओरडतो, बाहेर तर हसावंच लागतं.

मग मला ती शिवण दिसली. झगा उतरवताना एकदा उलटा झाला आणि आतून दोन्ही बाजूंच्या शिवणींना चांगली दोन-दोन बोटं माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवलेली दिसली. ज्यानं शिवला त्यानं जाणून ठेवली होती, बाई आज आहे तशी उद्या नसणार हे त्याला ठाऊक असणार. बाजूच्या शिवणीवर मणीही नव्हते, ते पुढे आणि मागे. म्हणजे दोन्हीकडून टाके उसवून बोट-बोट सैल केलं असतं तर एक मणी हलला नसता आणि कुणाला समोरून कळलंही नसतं. मी हातशिलाई शिकलेय. आईनं घरी मशीन चालवलंय. एका दुपारचं काम होतं.

मी मॅडमना ते दाखवलं. म्हणाले, मी माझ्या हातानं करते, आणि नंतर होतं तसं परत घालून देते. त्यांनी माया बोटांनी चाचपली, मान हलवली, त्यांनाही पटलेलं दिसलं. म्हणाल्या, कमिटीला विचारावं लागेल. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाही. वारसा आहे, टाकाही हलणार नाही. आणि वर विचारणा, की झगा कशाला सैल करायचा, मुलीनं वजन कमी करावं. भात मीच म्हटलं होतं.

चोरओटी एका शुक्रवारी झाली. आईनं फोनवरून काकूंना सगळं परत एकदा समजावलं, जणू काकूंना ठाऊकच नव्हतं. दार लावून घेतलं. टीव्हीचा आवाज मोठा ठेवला, म्हणजे शेजारच्या मलबारी बाईंना काही ऐकू जायला नको. त्या बिचाऱ्या आमच्या ओटीचं काय करणार होत्या देव जाणे. नवऱ्यानं रोल्लातून नारळ आणला होता, हिरवा खण काकूंच्या कपाटातला. मी पाटावर बसले. किती दिवसांनी मी कुणासमोर अशी निवांत बसले होते. काकूंनी हळदकुंकू लावलं, पदरात तांदूळ, नारळ, सुपारी घातली आणि म्हणाल्या, ''आता सुटलीस. आता सांग ज्याला सांगायचं त्याला.'' मी ठरवलं की रविवारी मॅडमना खरं सांगायचं. खरं कारण कळलं तर कमिटीत कुणीतरी आईचा मुलगा असेलच की, असं मला वाटलं.

रविवारी मॅडम दिवसभर फोनवर होत्या. सोमवारी त्यांचा मूड ठीक नव्हता. मंगळवारी मी म्हटलं, उद्या. माणूस असंच करतो.

बुधवारी तिथल्याच एका महिला मंडळाच्या म्हाताऱ्या बायका दालन बघायला आल्या. काळ्या अबाया, हातभर मेंदी, अत्तराचा घमघमाट. मी एकेकीला काहवा देत गेले. कमरेत वाकता येत नव्हतं म्हणून मी एक हात पाठीशी धरून गुडघ्यांतून खाली जायचे आणि तशीच वर यायचे. त्यातली एक सगळ्यात थकलेली आजी माझ्याकडे बघत राहिली. कप घेतला नाही. हात पुढे करून तिनं सरळ माझ्या पोटावर ठेवला, मण्यांवरून, आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. मग मला म्हणाली, ''मबरूक.'' म्हणजे अभिनंदन. आणि वर बोट करून, ''वलद, इन्शाल्ला.'' मुलगा होऊ दे. लगेच बाकीच्या सगळ्या मबरूक, मबरूक करायला लागल्या. आजीनं ताटातला खजूर उचलला, बी काढली आणि मला स्वतःच्या हातानं भरवला. चार महिन्यांत घराबाहेर कुणी मला काही खायला दिलं होतं ते फक्त काकडी आणि गाजर. माझे डोळे भरून आले. मॅडम पलीकडे उभ्या होत्या, त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, फक्त डोळ्यांतलं गेलं होतं.

पुढे मुलगा नाही, मुलगीच झाली, साताऱ्यात, धडधाकट. पण आजीचा राग मला कधी आला नाही. तिनं मनापासून दिलेला आशीर्वाद होता. नोकरी गेली ती तिच्यामुळे नाही.

बायका गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं आणि आधी खुर्ची पुढे केली. झग्यासकट बस म्हणाल्या. पहिल्यांदाच. मग म्हणाल्या, ''मला का नाही सांगितलंस?''

आता चोरओटी त्यांना कशी समजावायची? मी म्हणाले, ''आमच्यात तीन महिने सांगत नाहीत.''

''आणि मी तुला काकड्या खायला घालत होते,'' त्या म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खरंच वाईट वाटलं असणार त्यांना. मी ती संधी धरली. म्हणाले, मॅडम, आता खरं कारण सांगा त्यांना. दोन बोटं. दोन्ही बाजूंनी मिळून दोन बोटं उसवू द्या, मला सातव्या महिन्यापर्यंत उभं राहता येईल, मी राहीन, बाळंतपणानंतर परत येऊन शिवून देईन, तोवर नवऱ्याला काम मिळेल. मी विनवण्या करत होते. आयुष्यात कुणापुढे इतकं वाकले नाही, आणि तेव्हा तर वाकताही येत नव्हतं.

त्यांनी विचारलं. माझ्यासमोर फोनवर विचारलं, अरबीतून, बराच वेळ, एकदा आवाज चढवूनही. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, झगा तसाच राहील. आणि स्वागतिकेची जागाच बंद होतेय, म्हणजे तुला काढलं असं कुणी म्हणणार नाही, जागाच नाही. नोटीसचा काळ बसून काम कर, फाइली लाव. एवढं मी करू शकते. मी 'थँक यू' म्हणाले. सवय होती ना तोंडाला.

त्या दिवशी झगा शेवटचा उतरवला. घरी आल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि न विचारता चहा टाकला. आमचं ठरत गेलं. मी आणि लेक साताऱ्याला आईकडे, तो इथे कुणाच्या तरी खोलीत एक खाट घेऊन राहील, काम शोधेल. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, ''सो नाऊ आय अॅम द वन हू लेफ्ट.'' काकू आमची भांडी त्यांच्या घरी नेऊन ठेवायला लागल्या, परत आलीस की घे म्हणाल्या.

नोटीसच्या शेवटच्या आठवड्यात दालनात पुतळा आला. मरीनातलंच एक कपड्यांचं दुकान बंद पडलं होतं, तिथून स्वस्तात उचललेला. पांढरा, तोंडावर नाक-डोळे काही नाहीत, आणि उंची त्या युक्रेनवालीएवढी. कमिटीनं ठरवलं होतं की दारात आता झगा घातलेला पुतळा उभा करायचा, पायाशी खजुराचं ताट, ज्याला हवा त्यानं घ्यावा. मॅडमनी मला हाक मारली. म्हणाल्या, ''तुला त्याची सवय आहे, तू घाल.'' माझं पोट तेव्हा चांगलंच दिसायला लागलं होतं. मी ढगळ पंजाबी ड्रेस घालून झगा हातात घेतला. तसा घेतला तर किती जड होता, मी रोज अंगावर एवढं वागवत होते हे मलाच खरं वाटेना.

पुतळ्याच्या डोक्यावरून झगा खांद्यांपर्यंत आला आणि अडकला. हात निखळत नव्हते. आम्ही आडवा करून बघितला, पायांकडून चढवून बघितला. मॅडमना घाम फुटला. मणी कुरकुरायला लागले. मी म्हणाले, मॅडम, हा नाही बसायचा, याचे खांदे बघा. त्यांनी फोन लावला. मी खुर्चीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, आता या पुतळ्यालाही वजन कमी करायला सांगा.

पण फोन लवकर संपला, दोन-चार वाक्यांत. मॅडमनी टेबलाच्या खणातून कात्री काढून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, ''पाठीतून उघड. पाठ भिंतीकडे राहणार आहे, कुणाला दिसणार नाही.''

मी विचारलं, ''किती?''

''मानेपासून खालपर्यंत.''

पाठीला शिवण नव्हती, नुसते कमरेपर्यंतचे हुक. खाली अखंड कापड होतं, आणि त्यावर मणी. म्हणजे उसवायचं नव्हतं, कापायचं होतं. मला फार राग आला. तरी कात्री मीच चालवली, कारण दुसऱ्या कुणी चालवली असती तर सगळा चुरा केला असता. धागा तुटला की मणी टपटप खाली पडत होते, लाल, पांढरे, सोनेरी, लादीवर उड्या मारत टेबलाखाली जात होते, आणि मॅडम गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होत्या. पूर्ण उघडल्यावर झगा पुतळ्याच्या अंगावर समोरून नुसता चढवायचा राहिला. चढवला. खांद्यांवर बसला, पण पोटाशी सैल पडला, पुतळ्याला पोटच नव्हतं. मॅडमनी पिनांची डबी आणली. मागून ओढून आवळ म्हणाल्या.

मी म्हणाले, ''मॅडम, मी दोन बोटं मागितली होती.''

त्यांनी डबीतून एक पीन काढून माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघेनात. मग हळू म्हणाल्या, ''मी आत्ता त्यांना तेच म्हटलं. ते म्हणाले, बाई काही महिन्यांची असते. पुतळा कायमचा आहे.''

मी एकेक पीन घेऊन लावत गेले, मानेपासून खालपर्यंत, आणि शेवटची लावून समोर आले. झगा पोटावर अगदी सपाट, नीट बसला होता. पहिल्या दिवशी माझ्या अंगावरही तो एवढा नीट बसला नव्हता.